अपमान कोणाचा झाला की तो देशाचा होतो?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यात बेकायदा प्रवेश केल्याबद्दल परत पाठवलेले १०४ भारतीय होते. हरियाणा आणि गुजरातचे प्रत्येकी ३३, पंजाबचे ३० आणि आपल्या महाराष्ट्राचे तिघे. हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या घालून त्यांना आणण्यात आले होते, आणि त्यांना विमानात चढवतानाची चित्रफीत अमेरिकेच्या सीमा गस्ती दलाच्या प्रमुखांनीच समाजमाध्यमावर टाकली होती. विमानाच्या मागच्या उतारावरून साखळ्यांमुळे आखूड पावले टाकत चढणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत निवेदन केले. अशी परत पाठवणी नवी नाही, ती कित्येक वर्षे चालू आहे, विमानात बेड्या घालण्याची अमेरिकेची कार्यपद्धती २०१२पासून अमलात आहे, आणि परत येणाऱ्यांना वाईट वागणूक मिळू नये यासाठी आपण अमेरिकेशी बोलत आहोत, असा त्याचा आशय होता.

निवेदनात खोटे काही नव्हते. ते ऐकताना मला मात्र डिसेंबर २०१३ आठवला आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. म्हणून हे जरा लांबलचक लिहितो आहे.

ज्यांना ते प्रकरण नीट आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. घरकामासाठी भारतातून नेलेल्या संगीता रिचर्ड यांच्या व्हिसासाठी खोटी माहिती दिली आणि त्यांना ठरल्यापेक्षा फारच कमी पगार दिला, असा आरोप होता. अटकेनंतर त्यांची कपडे उतरवून झडती घेण्यात आली, आणि अडीच लाख डॉलरच्या हमीवर त्यांची सुटका झाली. मुलीला शाळेत सोडून परतणाऱ्या एका राजनैतिक अधिकाऱ्याला अशी वागणूक मिळावी, याचा संताप आपल्याकडे सर्वदूर उसळला आणि तो योग्यच होता. वाणिज्यदूतांसंबंधीच्या १९६३च्या व्हिएन्ना करारानुसार गंभीर गुन्हा असल्याशिवाय अशा अधिकाऱ्याला खटल्याआधी अटक करता येत नाही. पगाराच्या वादाला ‘गंभीर गुन्हा’ ठरवायचे आणि वर अशी झडती घ्यायची, हा अमेरिकेचा उद्दामपणा होता. याच अमेरिकेने जानेवारी २०११मध्ये लाहोरच्या रस्त्यात दोन माणसांना गोळ्या घालणाऱ्या रेमंड डेव्हिस या सीआयएच्या कंत्राटी माणसासाठी संपूर्ण राजनैतिक संरक्षण मागितले होते आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याला ‘आमचा राजनैतिक अधिकारी’ म्हटले होते. तेव्हा नियमांच्या बाबतीत वॉशिंग्टनने आपल्याला शहाणपण शिकवू नये, हे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

आपण मग काय केले? १७ डिसेंबरला दिल्लीत चाणक्यपुरीतील अमेरिकी दूतावासासमोरचे सुरक्षा अडथळे यंत्रे लावून उचलले. अमेरिकी वाणिज्य अधिकाऱ्यांची ओळखपत्रे परत मागवली, विमानतळावरचे विशेष पास काढून घेतले, दूतावासासाठी येणाऱ्या मद्याची करमुक्त आयात थांबवली, आणि त्यांच्या घरी काम करणाऱ्या भारतीय नोकरांना ते किती पगार देतात याचा तपशील मागितला. त्या दिवसांत दिल्लीत आलेल्या अमेरिकी काँग्रेसच्या शिष्टमंडळाला भेटायला राहुल गांधी, नरेंद्र मोदी, आपले सुशीलकुमार शिंदे आणि लोकसभाध्यक्ष मीरा कुमार या सर्वांनी नकार दिला. या चौघांचे कधी एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचे निदान मला तरी दुसरे उदाहरण आठवत नाही. परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांनी तर खोब्रागडे यांना सन्मानाने परत आणता आले नाही तर आपण या सभागृहात परतणार नाही, असे संसदेत सांगितले. भाजपचे यशवंत सिन्हा एक पाऊल पुढे गेले. कलम ३७७ वैध ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अवघ्या काही दिवसांपूर्वी आला होता. त्याचा आधार घेऊन अमेरिकी अधिकाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना अटक करा, असे त्यांनी सुचवले. स्वतःच्या नागरिकांवर अन्याय करणारे कलम परक्यांवर सूड उगवायचे हत्यार म्हणून वापरावे, हे सुचणे आणि त्यावर फारशी कोणाची मान खाली न जाणे, यावरून त्या आठवड्याचे हवामान कळावे. मुंबईत निषेध म्हणून एका पिझ्झाच्या दुकानाची मोडतोड झाली. नाव अमेरिकी असले तरी ते दुकान चालवणारी कंपनी आपल्याच देशातली होती.

निवडणूक चार-पाच महिन्यांवर आली होती. सत्तेवर काँग्रेस होती आणि ती दुबळी आहे हा विरोधकांचा मुख्य आरोप होता, त्यामुळे सरकारला सौम्य दिसणे परवडणारे नव्हते आणि विरोधकांना सरकारपेक्षा सौम्य दिसणे त्याहून परवडणारे नव्हते. मायावतींनी वेगळा मुद्दा मांडला: खोब्रागडे दलित आहेत म्हणून सरकारने हालचाल करायला उशीर लावला. हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. महाराष्ट्रातल्या आंबेडकरी घरांमधून परराष्ट्र सेवेपर्यंत पोहोचलेल्या एका मुलीला परक्या देशात असे वागवले जाणे, हे अनेक घरांना स्वतःच्या अंगावर झालेला वार वाटला, आणि त्या दुःखाची जात वेगळी होती. टीव्हीवरच्या चर्चांत मात्र त्याचाही उपयोग तापमान वाढवण्यापुरताच झाला.

या सगळ्या गदारोळात एक बाई कुठेच नव्हती. संगीता रिचर्ड भारतीय नागरिक होत्या. त्यांच्याकडे भारत सरकारने दिलेला पासपोर्ट होता. अमेरिकी सरकारी वकिलांच्या तक्रारीनुसार व्हिसासाठी सादर केलेल्या करारात तासाला ९.७५ डॉलर वेतन लिहिले होते, आणि प्रत्यक्षातला दुसरा करार महिना ३०,००० रुपयांचा, म्हणजे तासाला सुमारे ३.३१ डॉलरचा होता. खटला शेवटापर्यंत चाललाच नाही, म्हणून हा आरोप सिद्ध झालेला नाही हे मी स्पष्ट नमूद करतो. खोब्रागडे यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे होते: राहणे, जेवणखाण आणि वैद्यकीय खर्च पगाराशिवाय होता, बाई जून २०१३मध्ये घर सोडून गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम दिला होता आणि दिल्लीतल्या न्यायालयाने अटक वॉरंटही काढले होते. अटकेच्या दोनच दिवस आधी अमेरिकेने संगीता यांच्या कुटुंबाला भारतातून परस्पर हलवले, ही तर आपल्या न्यायव्यवस्थेला दाखवलेली उघड तुच्छता होती. हे सगळे मान्य. पण परदेशात एका भारतीय व्यक्तीने दुसऱ्या भारतीय व्यक्तीविरुद्ध पगाराची तक्रार केली असताना भारत सरकार दोघींचेही सरकार आहे, असे म्हणणारा एकही मोठा नेता मला तेव्हा दिसला नाही. न्यूयॉर्कच्या त्याच कार्यालयातील अधिकाऱ्यांवर घरकामगारांनी याआधीही दावे केले होते आणि त्यातल्या एका दाव्यात २०१२मध्ये न्यायालयात जवळपास १५ लाख डॉलरची भरपाई सुचवली गेली होती. म्हणजे दुखणे जुने होते आणि परराष्ट्र खात्याला ते ठाऊक होते.

आपल्याला हे दिसले नाही याचे कारण दिल्लीत शोधायची गरज नाही. मी राहतो त्या पुण्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच सुमारास नसला तरी पुढे कधीतरी एक चर्चा रंगली होती. धुणेभांड्यांचा ‘रेट’ सगळ्यांनी मिळून ठरवावा, कोणीही त्याहून जास्त देऊ नये, नाहीतर बाया डोक्यावर बसतात, असा प्रस्ताव होता. महिन्यात किती खाडे चालतील, खाड्याचे पैसे कापायचे की नाही, दिवाळीला पूर्ण पगार द्यायचा की अर्धा, यावर चाळीसेक घरांनी मते दिली. ज्यांच्याबद्दल हे चालले होते त्यांपैकी कोणी त्या गटात असण्याचा प्रश्नच नव्हता. १९८०मध्ये याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, हे तिथे कोणाला आठवले नाही. महाराष्ट्राने २००८मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण किमान वेतन मिळते का, सुट्टी मिळते का, हे विचारायला कोणी निरीक्षक दारात आल्याचे मी तरी पाहिलेले नाही. घरकामगारांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११मध्ये जो करार केला, त्याच्या बाजूने भारताने मत दिले आणि मग त्याला मान्यता देण्याचे काम तसेच राहू दिले. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की केंद्राने समिती नेमून या कामगारांसाठी कायदा करण्याचा विचार करावा. ज्या समाजात पगाराचा असा वाद हा वादच मानला जात नाही, त्या समाजाला न्यूयॉर्कमधला तो वाद निव्वळ कटकारस्थान वाटला, यात नवल ते काय?

शेवटी ते प्रकरण मिटले तेही पाहण्यासारखे आहे. बुलडोझर, बहिष्कार आणि संसदेतल्या प्रतिज्ञा यांनी अमेरिकेने माफी मागितली नाही. परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी दूरध्वनीवर खेद व्यक्त केला, तेवढेच. आपण खोब्रागडे यांची बदली संयुक्त राष्ट्रांतील आपल्या कार्यालयात केली, ८ जानेवारी २०१४ रोजी त्यांना संपूर्ण राजनैतिक संरक्षण मिळाले, लगेच आरोपपत्र दाखल झाले आणि त्या मायदेशी परतल्या. आपण बदल्यात समान दर्जाच्या एका अमेरिकी अधिकाऱ्याला देश सोडायला सांगितले. मार्चमध्ये न्यायालयाने याच संरक्षणाच्या मुद्द्यावर आरोपपत्र फेटाळले आणि दोन दिवसांत सरकारी वकिलांनी नवे दाखल केले. वाट काढली ती कागदपत्रांनी आणि दोन्हीकडच्या मुत्सद्द्यांच्या शांत बोलण्याने. त्या मुत्सद्द्यांत डिसेंबर २०१३च्या अखेरीस वॉशिंग्टनला राजदूत म्हणून रुजू झालेले गृहस्थ होते एस. जयशंकर.

अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सवलती काढून घेण्याबद्दल माझी तक्रार अशी की त्या मुळात दिल्याच कशाला होत्या? आपल्या अधिकाऱ्यांना तिकडे जे मिळत नाही, ते त्यांना इथे वर्षानुवर्षे कोणत्या हिशेबाने मिळत होते? देवाणघेवाण बरोबरीची असावी, हा परराष्ट्र व्यवहाराचा रोजचा नियम असायला हवा. आपण तो राग आल्यावर कपाटातून काढतो आणि राग उतरला की परत ठेवून देतो.

आता पुन्हा अमृतसरच्या त्या विमानाकडे येतो. एका अधिकाऱ्याची झडती झाली तेव्हा अख्खी राजधानी हलली, आणि १०४ जणांना साखळ्यांत आणले तेव्हा कार्यपद्धती समजावून सांगण्यात आली. २०१३मध्ये सरकारला कणाहीन म्हणणारे आज सबुरीचा सल्ला देत होते, आणि तेव्हा सत्तेत असलेले आज हातात बेड्या घालून संसदेच्या आवारात उभे होते. पक्षांची ही अदलाबदल मला नवी नाही. मला खटकले ते माझ्या ओळखीतल्या लोकांचे बोलणे. ‘बेकायदा गेले होते, मग काय हार घालायचे?’ हे वाक्य मी इतक्या सुशिक्षित तोंडांतून ऐकले की मोजणे सोडून दिले.

त्या वाक्याला उत्तर देतो. ते लोक ‘डंकी’ मार्गाने, म्हणजे दलालांच्या चोरवाटेने गेले, शेती विकून किंवा कर्ज काढून दलालांना लाखो रुपये दिले, आणि कायदा मोडला. त्यांना परत घेणे आपले कर्तव्यच होते आणि सरकारने ते नाकारले नाही, हे बरोबर. पण खोब्रागडे यांच्यावरही कायदा मोडल्याचाच आरोप होता. तेव्हा आपण कोणी असे म्हटले नाही की आरोप आहे ना, मग होऊ दे झडती. आपले म्हणणे होते की गुन्हा काहीही असो, वागणूक माणसाला शोभेशी हवी. तो मुद्दा खरा असेल तर तो पासपोर्टच्या रंगाप्रमाणे किंवा पदाप्रमाणे बदलत नाही. आणि व्हिसाची मुदत संपलेला आपल्यातलाच कोणी आयटीवाला पुतण्या उद्या त्या रांगेत दिसला, तर हेच तोंड ‘हार घालायचे का’ म्हणेल असे मला वाटत नाही.

कोलंबियाने जानेवारी २०२५मध्ये अशी लष्करी विमाने उतरू द्यायला नकार दिला, ट्रम्प यांनी आयातशुल्काची धमकी दिल्यावर तो देश नमला, पण नंतर त्याने आपल्या लोकांना आणायला स्वतःची विमाने पाठवली. भारताला तेवढे तरी करता आले असते. आपली विमाने, आपले अधिकारी सोबत, गुन्हेगारी नोंद नसलेल्यांना बेड्या नाहीत, या तीन अटी घालणे म्हणजे काही युद्ध पुकारणे नव्हते. पंतप्रधान आठवड्याभरात वॉशिंग्टनला जाणार होते आणि व्यापाराची बोलणी पुढ्यात होती, म्हणून सरकारने आवाज चढवला नसेल, तर तो एक राजकीय निर्णय होता आणि असे निर्णय सगळीच सरकारे घेतात. ते तसे सभागृहात सांगितले असते, तर मी असहमत राहूनही समजून घेतले असते. पंतप्रधानांची भेट झाली, त्यानंतर आलेल्या विमानातल्या पुरुषांनीही आपल्याला बेड्या होत्या असे सांगितले, आणि ऑगस्टअखेर भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागू झाले ते झालेच.