घशाशी आलं की दोष चटणीला!

सध्या सोलापुरातल्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "घशाशी आंबट येतं म्हणजे पोटात पित्त वाढलंय. शेंगा चटणी बंद करा, झोपताना ग्लासभर गार दूध प्या. तान्हं बाळ दूध टाकत असेल तर तेही पित्तच. दुधात तांदळाची पेज घाला आणि पालथं झोपवा, म्हणजे गुदमरणार नाही." मेडिकलच्या काउंटरवर लोक हाच मेसेज उघडून मोबाइल पुढं करतात, म्हणून लिहितोय.

आधी बाळाचं, कारण तिथं जिवाशी गाठ आहे. पालथं अजिबात झोपवू नका. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळं वर आलेलं दूध ते गिळतं किंवा खोकून टाकतं. पालथं केलं की हेच उलटं होतं. शिवाय पालथ्या झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोका वाढतो.

आणि दूध टाकणं हा बहुतेक वेळा आजारच नसतो. जठराच्या तोंडाशी स्नायूंचं एक कडं असतं, ते पोटातलं वर येऊ देत नाही. बाळाचं ते अजून कच्चं, आहार सगळा पातळ, त्यात दिवसभर आडवं. साधारण 4 महिन्यांच्या सुमारास हे जास्त दिसतं, वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं थांबतं. बाळ हसतंय, वजन धरतंय, तर आईच्या खांद्यावरचं फडकं बदलत राहायचं, बस्स. 6 महिन्यांच्या आत पेज मनानं देऊ नये. हिरवी किंवा रक्ताची उलटी, लांब उडणारी पिचकारी, दूध नाकारणं, वजन न वाढणं यातलं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता मोठ्यांचं. बहुतेकांच्या पोटातलं आम्ल नेहमीइतकंच असतं, फक्त ते कडं ढिलं पडल्यानं नको तिथं चढतं. सुटलेलं पोट, गरोदरपण, तंबाखू ही त्याची नेहमीची कारणं. तिखट ज्याला सोसत नाही त्यानं सोडावं, पण चटणीवर सगळं खापर कशाला? यंत्रमागावरची पाळी सुटल्यावर रात्री उशिरा पोटभर भाकरी-आमटी खाऊन लगेच अंथरुणावर पडलं, तर चटणी नसली तरी घशाशी येणारच. मोठं जेवण पाळीआधी उरकावं, नंतर हलकं खावं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली 6 इंच उंची द्या. उशांवर उशा रचून पोट दुमडतं, त्रास उलट वाढतो.

गार दुधानं घटकाभर बरं वाटतं, मग तेच दूध पोटाला आणखी आम्ल सोडायला लावतं.

ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी बरेच जण जळजळ सुरू झाल्यावर मागतात. ती जेवणाआधी अर्धा तास घेतली तर नीट लागू पडते, आणि वर्षानुवर्षं मनानं घ्यायची नसते. घास अडकायला लागला, वजन घटलं, शौच काळी झाली तर एंडोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीनं पोट तपासण्याचं, डॉक्टरांना विचारा. छातीतल्या जळजळीसोबत घाम फुटला, हातात किंवा जबड्यात कळ आली, तर दूध-सोडा करत बसू नका, ते हृदयाचंही असू शकतं, आधी ईसीजी काढा.