विमानतळ आधी होता, पण इतकी विमानं नव्हती

मुंबई विमानतळावरच्या विमानांच्या आवाजाबद्दल मी तक्रार केली, त्यावर तुम्ही लिहिलंय, "विमानतळ आधीपासून होता. स्वस्तात घर घेताना आवाज चालला, मग आता तक्रार कशाला? शहराला विमानं नकोत का?" रागाने लिहिलंत, तरी प्रश्न रास्त आहे.

माझ्यापुरतं तुमचं खरं आहे. कुर्ल्यात परवडलं म्हणून आम्ही आलो. पण विमानतळाशेजारच्या जरीमरीत तीस-चाळीस वर्षं राहणाऱ्यांचं काय? ते आले तेव्हा विमानतळ होता, इतकी विमानं नव्हती. पूर्वेकडून घाटकोपरवरून उतरणारं विमान तिथे पत्र्याच्या घरांवरून जातं. फळीवरची भांडी थरथरतात, फोनवर बोलणारा "थांब, विमान जाऊ दे" म्हणून गप्प होतो.

तुम्ही म्हणता, आवाज नियमात आहे. नियम काय आहे ते बघा. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. गजबजलेल्या विमानतळांसाठी 2018 मध्ये ठरलेली रात्रीची मर्यादा 65, म्हणजे ध्वनीची ऊर्जा शंभर पट. तीही सरासरी! रात्री दहा ते सहा या वेळेत साठ विमानं गेली, प्रत्येकाचा आवाज वीस सेकंद 78 डेसिबल राहिला, तर हिशोबाने सरासरी 65 च्या आतच येते. झोप साठ वेळा मोडू शकते, आणि कागदावर सगळं ठीक असतं.

विमानतळ बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. सिडनीत 1995 च्या कायद्याने रात्री 11 ते सकाळी 6 मोजके अपवाद सोडून उड्डाणं बंद असतात. तिथे प्रवाशांच्या तिकिटावर आकार लावून आसपासच्या घरांना आणि शाळांना आवाज अडवणाऱ्या खिडक्या-छतं करून दिली. आपल्याकडे पत्र्याच्या घराला दुहेरी काच लावून काय होणार? आणि मे महिन्यात खिडकी बंद ठेवून झोपायचं कसं? म्हणून मला आधी मोजणी हवी आहे: रोज रात्री 70 डेसिबलच्या वर किती विमानं गेली, कोणत्या वस्तीवरून, किती वाजता. हा आकडा रोज जाहीर व्हावा. आवाज अडवण्याच्या कामाला सुरुवात शाळा आणि इस्पितळांपासून करावी.

नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झालाय. रात्रीची विमानं तिकडे वळवा, असं म्हणणं मला सोपं आहे, पण ते मी म्हणणार नाही. तिथे तर गावं आधी होती, विमानतळ नंतर आला. तुमचाच मुद्दा धरला, तर पनवेल-उलव्याकडच्या जुन्या गावकऱ्यांना तुम्ही काय सांगणार?