दहाव्या वर्षी ठरवायची घाई कशाला? म्युनिकहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

गेझाम्टशूलवरच्या, म्हणजे जर्मनीत सगळ्या कुवतीची मुलं एकत्र शिकतात त्या शाळेवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही भरभरून लिहिलंत, तेव्हा उत्तरही ऐसपैस देते. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचं सार असं (गिम्नाझियम म्हणजे चौथीनंतरची, अभ्यासात पुढे असलेल्या मुलांची शाळा; आबिटूर म्हणजे विद्यापीठात जाण्यासाठीची शेवटची शालान्त परीक्षा): “ताई, गिम्नाझियमला न पोचलेली मुलं जिथे जातात, त्या खिचडी शाळेला तुम्ही तत्त्वाचा मुलामा देताय. तिथे कुणाला नापास करत नाहीत, स्वयंपाक हा मुख्य विषय असतो आणि आबिटूर हलकं असतं. माझा भाऊ कोलोनला येतोय, पुतणी चौथीत आहे. तुमचं वाचून तो तिला भलत्याच शाळेत घालायचा.”

आबिटूरचं आधी बोलू, कारण ते लगेच निकालात निघतं. आमच्या नॉर्थराइन-वेस्टफालिया राज्यात (कोलोन इथलंच) २००७ पासून आबिटूरचे लेखी पेपर राज्य काढतं. गिम्नाझियमचं पोरगं गणिताचा जो पेपर सोडवतं, तोच, त्याच सकाळी, गेझाम्टशूलचं पोरगं सोडवतं. प्रमाणपत्राची किंमतही तीच. सरासरी मात्र गेझाम्टशूलची कमी येते, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण त्या वर्गात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना चौथीत शिक्षकांनी ‘गिम्नाझियम तुझ्यासाठी नाही’ असं लिहून दिलेलं होतं. ती मुलं आबिटूरला बसतात हीच मुळात बातमी आहे. तुमच्या हिशेबात ती कुठेच दिसत नाहीत.

तुम्ही बायर्नमध्ये (बव्हेरिया राज्यात) राहता, त्यामुळे तुमच्या डोळ्यांसमोर तिथली पद्धत असणार. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर थेट गिम्नाझियम. नसेल तर तीन दिवसांचे परीक्षा-तास, नाहीतर दुसरी शाळा. (भारतातल्या वाचकांसाठी: इथे १ सगळ्यात चांगला, ६ सगळ्यात वाईट.) मे महिन्याच्या सुरुवातीला त्या सरासरीचं प्रमाणपत्र येईपर्यंत अख्ख्या घराचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. दहा वर्षांचं पोर असतं हो ते! आपल्याकडे सायन्स, कॉमर्स की आर्ट्स हे दहावीनंतर ठरवतात, तेव्हाही आपण म्हणतो, ‘एवढ्याशा पोराला काय कळतंय.’ मग तोच निर्णय इथे पाच-सहा वर्षं आधी घेतला की तो आपल्याला शिस्तीचा का वाटतो?

माझं म्हणणं एवढंच आहे. गेझाम्टशूल फार थोर असते असं मी कुठेच लिहिलेलं नाही. ती निर्णय पुढे ढकलते, आणि मधल्या वर्षांत तो घेण्यापुरतं काहीतरी मुलाच्या हाताखालून जाऊ देते. निवडीचे विषय आणि बाहेरची प्रात्यक्षिकं, ज्यांना तुम्ही ‘टाइमपास कार्यक्रम’ म्हणालात, ती त्यासाठीच आहेत.

आता स्वयंपाक. सातवीत मुलं चौथा मुख्य विषय निवडतात: दुसरी परकी भाषा, विज्ञान, नाट्य आणि कलानिर्मिती, किंवा कामधंद्याच्या जगाची ओळख करून देणारा विषय (पूर्वी त्याला ‘आर्बाइट्सलेरे’ म्हणत). या शेवटच्यात तंत्रकाम, अर्थव्यवहार आणि गृहव्यवस्था येते. तुमचा स्वयंपाक तो हा. त्याची लेखी परीक्षा असते आणि गुण फ्रेंचइतकेच धरतात. आमच्या लेकाच्या मित्राने हा विषय घेतला होता. एका संध्याकाळी आमच्या ओट्याशी उभा राहून तो मसूर सूपचा माणशी खर्च काढत होता, आणि वीज धरायची की नाही यावर दोघांची जुंपली होती. सातवीत फ्रेंच घेतलं नाही म्हणून त्या मुलाचं आबिटूर बुडत नाही. दुसरी भाषा अकरावीत नव्याने सुरू करता येते.

नापास न करण्याचंही अर्धंच सांगितलंत. नववीपर्यंत कुणाला वर्ग पुन्हा करावा लागत नाही, हे खरं. पण सातवीपासून गणित आणि इंग्रजीचे दोन स्तर होतात, वरचा ई-कुर्स आणि मूलभूत जी-कुर्स. पुढे जर्मन आणि एका विज्ञान विषयाचेही होतात. अकरावीत जायचं तर किमान तीन विषयांत वरचा कोर्स आणि त्यात ३ किंवा त्याहून चांगला ग्रेड लागतो. दहावीच्या शेवटी राज्याची परीक्षा असतेच. फुकट कुणी वर सरकत नाही. फक्त एका विषयात घसरलं म्हणून सगळ्या विषयांतून बाहेर काढत नाहीत. गिम्नाझियममध्ये सहावीनंतर ‘जमत नाही’ म्हणून मुलांना दुसरीकडे धाडतात. आमच्या लेकाच्या वर्गात सातवीला अशी दोन मुलं आली. त्यातला एक पहिले काही महिने वर्गात हातच वर करत नव्हता, उत्तर येत असलं तरी. हुशार मुलगा. त्याची भीती जायला वर्ष गेलं.

आणि नववीतलं प्रात्यक्षिक. तीन आठवडे शाळा नाही, कुठल्यातरी दुकानात, वर्कशॉपात, ऑफिसात काम. जागा मुलाने स्वतः शोधायची: अर्ज, बायोडेटा, फोन. आमचं चिरंजीव फोनवर ‘नाही’ ऐकून ऐकून वैतागलं होतं. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी, आणि मध्ये पडायची शाळेची मनाई. शेवटी एका श्रवणयंत्राच्या दुकानाने हो म्हटलं. तिथे त्याने कानाचा साचा घ्यायची सिलिकॉनचा लगदा कालवला, यंत्रं साफ केली, आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायला शिकला: समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश. त्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर आजीशी मी नेहमीप्रमाणे ओरडून बोलत होते, तर पठ्ठ्याने फोन हातातून घेतला आणि म्हणाला, “ओरडून उपयोग नाही आई, आवाज फाटतो नुसता.” वर्गशिक्षिका दुकानात भेटायला गेल्या, त्याने अहवालाची फाइल दिली. या धंद्याचं शिकाऊ प्रशिक्षण तीन वर्षांचं असतं आणि त्यातले शाळेचे आठवडे ल्यूबेकला, हे आमच्या घरात त्याच्याकडूनच कळलं. आता तो अकरावीत आहे, फिजिक्स घेतलंय. पुढे विद्यापीठात जाईल की ल्यूबेकला, माहीत नाही. दोन्ही दारं उघडी आहेत, म्हणून मला झोप लागते.

अशी प्रात्यक्षिकं आमच्या राज्यात गिम्नाझियमलाही असतात, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगते. असतात. पण तिथे पालक ओळखीच्या डॉक्टरकडे चिकटवून देतात आणि मोकळे होतात, असं निदान आमच्या ओळखीतल्या घरांत तरी पाहिलंय.

तुमचा एक मुद्दा मात्र खरा बोचतो: शेजारी गिम्नाझियम असताना ‘सर्वांची शाळा’ हे नाव कशाला? प्रवेश देताना आमच्याकडे वेगवेगळ्या कुवतीची मुलं मिसळून घेतात, तरी वरची साय गिम्नाझियम नेतंच. शिवाय ई आणि जी कोर्स म्हणजे चाळणी आत आणून ठेवलेलीच आहे. जी-कुर्समध्ये कोणाची मुलं जास्त, हे पालकसभेत डोळ्यांनी दिसतं. हे टाळता येतं. ग्योटिंगेन या दुसऱ्या राज्यातल्या शहराच्या गेझाम्टशूलने असे कोर्स पाडलेच नाहीत. तिथे वेगवेगळ्या कुवतीची मुलं एका टेबलाभोवती दीर्घकाळ एकत्र बसतात, आणि त्या टेबलाचे पालक व शिक्षक आळीपाळीने एकेकाच्या घरी जमतात. २०११ चा जर्मन शाळा पुरस्कार त्यांना मिळाला. आमच्या शाळेत एवढी हिंमत नाही. त्यात बदली शिक्षकांचं वेळापत्रक रोज सकाळी लाल रंगाने भरलेलं. त्यावर वेगळा लेख लिहीन, कदाचित चिडून.

आणि ‘हे समाजवादी खूळ आहे’ हे तुमचं वाक्य जुनं आहे बरं का. आमच्या राज्यात १९६९ मध्ये पहिल्या सात गेझाम्टशूल प्रयोग म्हणून निघाल्या. पुढे नुसतं शाळांना एका छताखाली आणायचं ठरलं, तर १९७८ मध्ये त्याविरुद्ध ३६ लाखांवर लोकांनी सह्या केल्या आणि सरकारला कायदा गुंडाळावा लागला. तरीही १९८१ मध्ये गेझाम्टशूल इतर शाळांच्या बरोबरीने कायद्यात आली. हॅम्बुर्गमध्ये तर २०१० साली मुलांना दोन वर्षं जास्त एकत्र ठेवायचा बेत मतदारांनी हाणून पाडला.

पुतणीबद्दल. कोलोनमध्ये गेझाम्टशूलच्या जागांपेक्षा अर्ज जास्त येतात, त्यामुळे माझा लेख वाचून तिला तिथे जागा मिळेलच ही तुमची भीती जरा उतावीळ आहे. भावाला सांगा, हिवाळ्यातल्या खुल्या दिवसांना दोन्ही प्रकारच्या शाळा पाहून यावं, मुलीला घेऊन. वर्ग बघून झाला की कॅन्टीनमध्येही डोकवावं. चौथीच्या शिक्षकांची शिफारस आमच्या राज्यात बंधनकारक नाही. अर्जाच्या तारखा शहराच्या संकेतस्थळावर पाहाव्यात, कारण बऱ्याच शहरांत गेझाम्टशूलचे अर्ज आधी घेतात आणि तिथे नकार आला तर दुसरीकडे भरायला वेळ उरतो. आणि अजून काही विचारायचं असेल तर वहिनींनाच मला लिहायला सांगा, त्यांना मधे तुम्ही नकोत.