नाना, १९०९ आणि पक्याची लाल पट्टी

रात्री साडेनऊ, विश्रामबागची टपरी, आम्ही नेहमीचे पाच जण. चहा यायच्या आधीच भैयाचा फोन तिसऱ्यांदा वाजला. साधाच दहा आकडी नंबर, म्हणून उचलला, हळदीच्या अडतीत बसणाऱ्याला कट करून चालत नाय, इरोडचा व्यापारी निघाला तर? निघाली लोनवाली बाई, ती पण रेकॉर्डेड, म्हणजे शिवी घालायची पण सोय नाय.

नाना लगेच सरसावले. टेलिफोनातनं रिटायर झालेत पण अजून सगळे टॉवर स्वतः खांद्यावर घेतल्यागत बोलतात. "जाहिरातीचा कॉल १४० नं सुरू होणाऱ्या नंबरवरनंच यायला पायजे! असल्या कॉलच्या तक्रारीचा नंबर हाय १९०९, तिथं तक्रार टाक. तक्रार टाकायला आधी तीन दिवसांची मुदत होती, २०२५ ला सात केली. दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई!"

"म्हणजे त्यानं अजून चौघांना पिडूस्तोवर मी थांबायचं व्हय?" भैया म्हणला. "तवर तो नंबर बदलतोय की नाना."

"सिस्टीम हाय," नाना बशीत फुंकर मारत म्हणले. दोनदा म्हणले.

संज्याची पोरगी न्यू जर्सीत, त्यामुळं अमेरिका निघणारच होती. तिकडं १९९१ चा कायदा, परवानगी न घेता असला रेकॉर्डेड कॉल केला की कोर्टात कॉलमागं ५०० डॉलर, मुद्दाम केला असला तर १५०० पर्यंत. (कॉल तिकडं पण थांबले नाहीत, जावईच सांगतो, पण हे संज्या हळू आवाजात बोलतो.)

"आणि हितं काय मिळतं?" भैया. "'आपली तक्रार नोंदवली आहे.' म्हणजे आणि एक मेसेज!"

"आता सिमच्या फॉर्मवरचं नावच स्क्रीनवर येणार," नाना हट्टाला पेटलेले.

पक्या एकदम गप्प. त्याचं सिम सासऱ्याच्या नावावर हाय.

"बरं झालं," भैया म्हणला, "उधारी मागताना सासराच बोलतोय वाटंल."

पक्या भडकला, "थांब, माझंच नाव येतंय बघ," म्हणून संज्याला फोन लावला. संज्याचा मोबाईल नवीन, कॉन्टॅक्ट अजून घेतलेले नव्हते. स्क्रीनवर नंबर ओळखणाऱ्या अ‍ॅपची लालभडक पट्टी, 'स्पॅम, इन्शुरन्स'.

पक्या पॉलिस्या विकायचा तेव्हा आम्ही तिघांनी त्या अ‍ॅपवर रिपोर्ट मारलेला. माझी पॉलिसी दुसऱ्या हप्त्यालाच बुडाली, ते मी अजून विसरलो नाय.

नानांनी बशी खाली ठेवली. "चार. मी बी केलतं."

भैया सावकाश टपरीवाल्याकडं वळला, "पाचवा तू का रं?"

टपरीवाला तोंड फिरवून कप विसळत होता, पण खांदे हलत होते.