समुद्राचा बदली कामगार

किनाऱ्यावर उभं राहून बघणाऱ्याला समुद्र निवांत वाटतो. पसरलेला असतो, अधूनमधून कूस बदलतो, बस. प्रत्यक्षात त्याच्याइतकं राबणारं पृथ्वीवर दुसरं कोणी नसेल. लाटा, प्रवाह, तापमान, खारटपणा, कॅल्शियम, कोणी मेलं तर त्याची विल्हेवाट, हे सगळं तो बारा महिने बिनपगारी आणि बिनबोभाट करतो. हे समजायला माणसाने एक तर समुद्रशास्त्र शिकावं, नाही तर घरात मोठा रीफ टँक बसवावा. समुद्रशास्त्राचा अभ्यासक्रम कधी तरी संपतो, एवढाच काय तो फरक.

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी, जिच्यात माशांबरोबर जिवंत प्रवाळ वाढवायचे असतात. मासे एक वेळ समजून घेतात. प्रवाळ घेत नाहीत. कोट्यवधी वर्षं एकाच मालकाकडे काढलेल्या या मंडळींना पाण्यातला जरासा फरकही खपत नाही, आणि आपल्या दिवाणखान्यात तो जुना मालक नसतो. त्याच्या जागी उभा राहतो तो बदली कामगार, म्हणजे मी.

माझी टाकी लांबीला 240, रुंदीला 75 आणि उंचीला 60 सेंटिमीटर. कागदावर हे आकडे निरुपद्रवी दिसतात. गुणाकार केला की 1,080 लिटर होतात. खारं पाणी लिटरला किलोपेक्षा थोडं जास्तच भरतं, म्हणजे नुसतं पाणीच 1,100 किलो. 15 मिलिमीटर जाडीची काच आणखी 200 किलो. मग दगड, वाळू, लोखंडी स्टँड आणि त्याच्या पोटातली दुसरी टाकी, जिला सम्प म्हणतात. बेरीज दीड टनाच्या पुढे गेली तेव्हा मी ती बायकोला किलोत न सांगता ‘बऱ्यापैकी’ अशी सांगितली. स्ट्रक्चरल इंजिनिअर मात्र किलोतच बोलत होता. जमिनीखाली तुळया कुठून जातात ते त्याने शोधलं आणि टाकी सोफ्यामागच्या भिंतीलगतच बसेल असा निकाल दिला. सोफा दीड टनाचा नसल्यामुळे तो कुठेही ठेवता येतो, असा माझा युक्तिवाद होता. “अहो, मग बाहेरच ठेवा ना,” बायको म्हणाली, “म्हणजे तुमचीही बसायची सोय होईल.”

काच चढवणं, पाणसळ लावून स्टँड समपातळीत आणणं, सिलिकॉन सुकायची वाट बघणं, यात विनोदी काही नाही. त्या काळात घरात कोणीच हसत नव्हतं.

खरी मौज पाण्यात आहे. समुद्राचं पाणी बनवायचं तर आधी नळाच्या पाण्यातून सगळं काही काढून टाकावं लागतं. क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट आणि विशेषतः तांबं, कारण तांब्याचा अंशही प्रवाळांना आणि कोळंबीच्या जातभाईंना विषच. आरओ आणि डीआय या गाळण्यांच्या नळकांड्यांतून ते थेंबाथेंबाने गळतं आणि विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवतो. एवढं निर्मळ पाणी घरात माणसांनाही कधी मिळालेलं नसतं. मग त्या शून्यात आपण लिटरमागे 35 ग्रॅम या हिशेबाने 40 किलोच्या आसपास मीठ ओततो. साधं मीठ चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असलेलं, समुद्राच्या नमुन्यावर बेतलेलं मीठ लागतं. “म्हणजे आधी पाणी स्वच्छ केलं आणि मग घाण केलं,” बायकोने सारांश काढला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्या वाक्यात खोड काढायला जागा नव्हती.

पाणी भरलं, दगड रचले, दिवे लागले, की मासे सोडायचे असं सगळ्या जगाला वाटतं. तसं नसतं. टाकीतले पहिले रहिवासी डोळ्यांना दिसत नाहीत. अमोनियाचं नायट्राइट करणारे जीवाणू आधी दगडांवर वसतात, मग नायट्राइटचं नायट्रेट करणारे. ही वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोवर माशांनी सोडलेल्या अमोनियाने मासेच मरतील, असा मामला असतो. या मुदतीत पाहुणे येतच राहतात. निळ्या उजेडात न्हालेली, गाळीव पाण्याने भरलेली, संपूर्ण रिकामी टाकी ते आदराने न्याहाळतात, एकदा या टोकापासून, एकदा त्या टोकापासून. शेवटी एखादे काका खाकरून विचारतात, “मासे लाजाळू आहेत का?” मी म्हणतो, “सध्या जीवाणू पाळलेत.” यानंतर बहुतेक पाहुणे हात धुऊन येतात.

जीवाणू स्थिरावले की रंगांचा मोसम सुरू होतो, पण प्रवाळांच्या रंगांचा नव्हे. आधी वाळूवर तपकिरी थर चढतो, ते डायाटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ. तो ओसरतोय म्हणेपर्यंत दगडांना हिरवे केस फुटतात. केस कमी झाले की लालसर, चिकट चादर पसरते आणि तिच्यावर बुडबुडे धरतात; ती सायनोबॅक्टेरियाची. अनुभवी लोक या काळाला ‘कुरूप अवस्था’ म्हणतात आणि धीर धरा म्हणून सांगतात. त्यांच्या घरी टाकी सुंदर असते, त्यांचं काय जातं?

एक मात्र सांगायला हवं, की या नोकरीला परंपरा आहे. 1846 साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरचे दगडी प्रवाळ लंडनला घरी नेले. वाटेत गडगडू नयेत म्हणून ते सुई-दोऱ्याने स्पंजावर शिवले. समुद्राचं ताजं पाणी सारखं आणवणं कठीण, म्हणून आहे त्याच पाण्यात हवा मिसळण्यासाठी ते उघड्या खिडकीशी उभं राहून अर्धा-पाऊण तास मागेपुढे ओतत राहायचं, असा त्यांनी क्रम लावला. बाईंनी लावला, ओतायची त्यांची मोलकरीण. थिनबाई इतिहासात गेल्या. पण टाकीत लाटा उठवणारा जगातला पहिला वेव्हमेकर म्हणावा तो खिडकीशी उभा होता आणि त्याचे दंड दुखत होते.

माझ्याकडे या कामाला विजेवर चालणारे वेव्हमेकर आहेत. वीज गेली तर त्या मोलकरणीच्या पदासाठी आपला अर्ज आहे असं समजू नये, हे बायकोने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय.

वीज जाते तेव्हा काय होतं ते सविस्तर सांगतो. वरच्या टाकीतलं पाणी काठावरून खाली सम्पमध्ये पडतं आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर ढकलतो. पंप थांबला की वर ढकलणारी नळीच उलटी होऊन वरचं पाणी खाली ओढू लागते. हा सायफन तुटावा म्हणून नळीला पृष्ठभागाच्या लगेच खाली एक बारीक भोक पाडतात. पाणी जरासं उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओढ थांबते. मी भोक पाडलं होतं. ते चालतं की नाही हे पंप बंद करून तपासलंही होतं. माझं गणित चोख होतं, पण त्यात गोगलगाय नव्हती.

ही गोगलगाय टाकीतलं शेवाळ खायला नेमलेली. 240 सेंटिमीटर लांबीच्या टाकीत, दगडांच्या एवढ्या कपारी असताना, त्या रात्री तिने मुक्कामाला ते एक भोक पसंत केलं. वीज गेली. हवा शिरेना. टाकीतलं पाणी एक सेंटिमीटर उतरलं की 18 लिटर खाली येतात, आणि नळीचं तोंड पाण्याखाली आठ सेंटिमीटरवर. आठ अठरे एकशे चव्वेचाळीस. सम्पमध्ये मोकळी जागा 90 लिटरची. उरलेले 54 लिटर कुठे गेले ते गालिच्याला विचारावं.

गोष्ट इथे संपत नाही. पहाटे वीज आली. टाकीतून रोज जे पाणी उडून जातं ते गोडंच असतं, मीठ मागेच राहतं. म्हणून एक यंत्र सम्पची पातळी बघून आपोआप गोडं पाणी भरतं. या यंत्राला फक्त पातळी कळते, नीती कळत नाही. पाणी कमी दिसताच त्याने गेलेल्या खाऱ्या पाण्याच्या जागी इमानेइतबारे 54 लिटर गोडं पाणी घातलं आणि खारटपणा 35 वरून 33 च्या घरात आणून ठेवला. मी गालिचा पिळत होतो. प्रवाळांनी तोंडं मिटून घेतली. गोगलगाय भोकावरून उठून शांतपणे काच चाटायला गेली.

तेव्हापासून नळीला दोन भोकं आहेत. टाकीत गोगलगायीही आता दोन आहेत, पण तो विषय मी घरात काढत नाही.

दीड टनाशेजारी झोपण्याचंही एक तंत्र असतं. रात्री दिवाणखान्यातून ‘टक्’ असा आवाज येतो. बायको उठून बसते. “अहो, काच गेली.” काच गेलेली नसते. समुद्रातून आलेल्या ‘जिवंत’, म्हणजे जीवजंतूंनी वसलेल्या दगडांबरोबर न बोलावलेले प्रवासी येतात, त्यात एखादी पिस्तूल कोळंबी असते आणि ती आपला पंजा एवढ्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा फुटून गोळीसारखा बार निघतो. किंवा मँटिस श्रिंप असतो, जो शिंपले ठोसे मारून फोडतो. पहिली निरुपद्रवी, दुसरा तुमचे खेकडे-गोगलगायी संपवणारा. बाहेरून दोघांचाही आवाज ‘टक्’. मी लाल बॅटरी घेऊन काळोखात टाकीसमोर उकिडवा बसतो, कारण लाल उजेड या मंडळींना फारसा जाणवत नाही. शेजाऱ्यांना मात्र तो खिडकीतून जाणवतो.

दुसरा बिनभाड्याचा भाडेकरू म्हणजे ऐपटेशिया. दिसायला इवलंसं समुद्रफूल. त्याला चिरडलं की उरलेल्या तुकड्यांतून नवी फुलं उगवतात. त्याच्याशी भांडण काढायचं तर ते पुरतं संपवण्याच्या तयारीनेच काढावं लागतं. प्रवाळांची आपसातली भांडणंही पाहण्यासारखी. दिवसा ते शोभिवंत, रात्री एखादा टॉर्च कोरल लांबच लांब दंशतंतू सोडून शेजाऱ्याला भाजून काढतो. सकाळी एकाच्या अंगावर पांढरा चट्टा आणि दुसरा फुललेला, जणू काही घडलंच नाही. क्लाउनफिशचा संसार त्या मानाने सरळ आहे. सगळे जन्माला नर म्हणून येतात, त्यातला सर्वांत दांडगा मादी होतो आणि घर चालवतो. नवरा आकाराने लहान, मागे मागे फिरणारा. बायको ही माहिती प्रत्येक पाहुण्याला न चुकता सांगते.

पाहुण्यांवरून आठवलं. टाकीचा पीएच 8.2 च्या आसपास असावा. बंद खोलीत चारसहा माणसं तासभर बसली की त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हवेत साठतो, हवेतून पाण्यात उतरतो आणि पीएच घसरतो. आकडा माझ्या मोबाईलवर दिसत असतो. सासूबाई आपल्या गुडघ्यांबद्दल सांगत असतात, मी तो आकडा आठवरून सात पूर्णांक नऊवर जाताना बघत असतो आणि हळूच उठून खिडकी उघडतो. “जावईबापू, वारा लागतो हो,” त्या म्हणतात. त्यांना काय सांगणार? कमी श्वास घ्या? शेवटी पाणी साफ करणाऱ्या स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर नेली. आता स्किमर बाहेरची ताजी हवा घेतो आणि आम्ही आतली.

स्किमर म्हणजे टाकीचं मूत्रपिंड. बारीक बुडबुड्यांना प्रथिनं आणि मळ चिकटतो, फेस वर चढतो आणि कपात काळपट द्रव साठतो. त्याचा वास मी वर्णन करणार नाही. तो कप धुणं हे या घरातलं एकमेव काम आहे जे करताना मला कोणीही अडवत नाही.

आणि मग, ही सगळी हजेरी भरून झाल्यावर, एक दिवस प्रवाळ वाढायला लागतात. आधी विश्वास बसत नाही. पाण्यातलं कॅल्शियम घटायला लागतं तेव्हा कळतं की कोणी तरी ते वापरून सांगाडा बांधतंय. मग ते इतके वाढतात की कापावे लागतात. हाडं कापायच्या कात्रीने फांदी तोडायची, छोट्या चकतीवर डिंकाने चिकटवायची. या रोपट्याला फ्रॅग म्हणतात. फ्रॅग फेकवत नाही आणि ठेवायला जागा नसते. म्हणून रीफवाला माणूस कोणाच्याही घरी गेला की भिंतींची लांबी डोळ्यांनी मोजतो.

परवा लग्नाला गावाला जायचं होतं, म्हणून भाच्याला राहायला बोलावलं. त्याच्यासाठी सूचना लिहिल्या, त्या बऱ्याच पानांच्या झाल्या. त्याने त्या शेवटपर्यंत वाचल्या, हे त्याच्या आईवर गेलेलं नाही. “मामा, यात बहुतेक ठिकाणी ‘हात लावू नकोस’ असंच लिहिलंय. मग मी करायचं काय?”

“समोर बसून राहायचं. काही वेगळं दिसलं तर फोन.”

लग्नघरी मी फोन हातात धरूनच जेवलो. पहिल्या दिवशी त्याचा निरोप आला, ‘सगळं ठीक.’ मग आला, ‘मोठी क्लाउन छोट्याला जरा जास्तच ओरडते का?’ मग रात्री उशिरा, ‘तो निळा प्रवाळ आत्ता उघडला, तुम्हाला माहीत होतं तो रात्री उघडतो?’ आणि परतीच्या प्रवासात शेवटचा: ‘मामा, सहज विचारतो. दोनशे लिटरमध्ये सुरुवात करता येते ना? माझ्या खोलीची एक भिंत मोकळीच आहे.’

मी करता येते म्हणून कळवलं, दोन फ्रॅग बाजूला काढून ठेवतो असंही कळवलं. थोड्याच वेळात ताईचा फोन आला. मी तो उचलला नाही.