शेठ, पंप खोलावा लागेल

डिझेलची गाडी जुनी झाली की तिच्याविषयी मत नसलेला माणूस इंदुरात सापडत नाही. पोह्यांच्या ठेल्यावर नुसतं "चढावर ओढत नाही हो" एवढं पुटपुटा. जिलबी हातात धरलेला अनोळखी गृहस्थ लगेच म्हणतो, "भिया, पंप गया." पंप म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा. त्याच्या शेजारचा टर्बोवर येतो. तिसरा थेट इंजिनच उतरवायला लावतो. खर्च जितका मोठा, तितका सांगणारा ठाम. "आधी एअर फिल्टर बघा" म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही.

माझा ट्रक चोइथराम मंडीतून कांदा-बटाटा भरून नर्मदेपलीकडे जातो आणि परतीला मिळेल तो माल आणतो. जाताना काही बोलत नाही. येताना धामनोद सुटलं की मानपूरचा घाट लागतो आणि बाईसाहेबांचा मूड जातो. इंदूर साधारण 550 मीटर उंचीवर, नर्मदेचं पात्र कितीतरी खाली. हा सगळा फरक भरल्या गाडीनं चढायचा. गाडी दुसऱ्या गिअरात येते, काळाकुट्ट धूर सोडते आणि मागच्या फळीवरचं 'बुरी नजर वाले तेरा मुँह काला' अक्षरशः खरं करून दाखवते. नजर चांगली असलेल्यांचंही. घाटात एकवेळ खपतं. पण 2017 साली स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या, आणि तेव्हापासून त्या नंबराला चिकटून बसलेल्या शहरात असा धूर सोडत शिरायचं म्हणजे लोक धुराकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात.

देवास नाक्यावरचे अण्णा मिस्त्री मराठी. पण गाडीत डोकं घातलं की हिंदीतून विचार करतात.

"शेठ, पंप खोलना पडेगा."

एकुलत्या एका ट्रकच्या मालकालाही इथे शेठ म्हणतात. बिल ऐकवण्याआधी द्यायची ती भूल असते.

"अण्णा, आधी फिल्टर बघता का?"

अण्णा दुखावले. फिल्टर बघणं हे पोऱ्याचं काम. पोऱ्यानं तो बाहेर काढला. कागदाच्या घड्यांत मंडीची बारीक माती आणि कांद्याची टरफलं अशी काही बसली होती की घडी कुठली नि माती कुठली कळेना. पोऱ्यानं फिल्टर टायरवर आपटायला उचलला आणि मी ओरडलो. आपटून कागद फाटला की माती सरळ सिलिंडरमध्ये. नवाच आणला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून एवढी तापते की डिझेल आपलं आपण पेटतं. हवाच पुरी मिळाली नाही तर अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी होणार, त्यात पंपाचा काय गुन्हा? एवढं सगळं मी अण्णांना समजावलं. त्यांनी तंबाखू मळली.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी निघालं. नवा फिल्टर बसवला की लाइनीत हवा शिरते. मग स्क्रू ढिला करून, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत हातपंप मारायचा. पोऱ्या पंप मारतोय, अण्णा "और, और" करताहेत, आणि सलग डिझेलची पहिली धार माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर.

टॅपेटला, म्हणजे वॉल्व्हची फट लावण्याला, मात्र अण्णांना मानलं. इंजिन गार होईपर्यंत त्यांनी पाना उचलला नाही. मग त्या फटीत ती मोजायच्या फीलर गेजची पातळ पत्ती सरकवली आणि डोळे मिटले. "ढिली नको, टाइट नको. अडकत अडकत निघाली पाहिजे." लॉकनट आवळताना फट बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा पत्ती, पुन्हा डोळे बंद. मामला मिलिमीटरच्या काही दशांशांचा. आणि हेच अण्णा स्वतःची मोटरसायकल लावताना अख्खं फाटक अडवतात.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल टेस्टिंगला गेले; एक फवारण्याऐवजी थेंब गाळत होता, तो बदलला.

खरी चोरी चाकांत होती. मागचं चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं, तर अर्ध्या फेरीतच थांबलं. ब्रेकचे शू ड्रमला घासत होते. म्हणजे आमची गाडी इतके दिवस ब्रेक लावूनच घाट चढत होती! टायरांचं खातं क्लीनरकडे. तो टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, टायर ठोकतो, कान देतो आणि "टनाटन" असा दाखला देतो. हवा मोजायचा गेज लावला, तर आतले दोन्ही टायर नरम. क्लीनरनं गेजकडे अशा नजरेनं पाहिलं की गेजच ओशाळावा.

पुढच्या खेपेला गाडी घाट तिसऱ्या गिअरात चढली आणि धूर विरळ झाला. मी खुशीत महिन्याचा हिशेब काढला, तर डिझेल होतं तेवढंच! ड्रायव्हरला बोलावलं.

"जाणारच ना शेठ," तो म्हणाला. "आधी पळत नव्हती. आता पळते, तर पळवतो. वेग वाढला की वारा अडवतो, डिझेल जास्त खाते. तुम्ही एक काय ते नक्की करा, पिकअप पाहिजे की ॲव्हरेज?"