रेल्वे स्थानकावरची ती तालीम

उन्हाळ्यात येणारे हॉलिवूडचे मोठे विज्ञानपट मी सहसा दुसऱ्यांदा पाहत नाही. स्फोट एकदा पाहिला की पाहिला. ‘सुपर एट’ मात्र गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा पाहिला, तोही भावाच्या अकरा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून. जे. जे. एब्रम्स दिग्दर्शक, स्टीव्हन स्पीलबर्ग निर्मात्यांपैकी एक, प्रदर्शन जून २०११, खर्च सुमारे पाच कोटी डॉलर आणि जगभरातील कमाई त्याच्या पाचपट. हे सारे यश परग्रहावरील प्राण्याचे मानले जात असेल तर माझा त्याला विरोध आहे. ते यश त्यातील मुलांचे आहे. (चित्रपट पाहायचा राहिला असेल त्यांनी येथेच थांबावे, पुढे कथानक उघड होणार आहे.)

काळ १९७९चा, ओहायो राज्यातले एक काल्पनिक गाव. सुरुवातीलाच पोलाद कारखान्यातील एक कामगार, शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले हे सांगणाऱ्या फलकावरचे आकडे उतरवतो आणि तेथे १ लावतो. कोण गेले, हे कोणी बोलत नाही. पुढच्याच दृश्यात एक मुलगा बाहेर बर्फात झोक्यावर एकटा बसलेला दिसतो आणि त्याची आई गेली हे आपल्याला कळते. उन्हाळा येतो तेव्हा हाच मुलगा (त्याचे नाव जो) आपल्या मित्रांच्या झोंबीपटाची, म्हणजे उठून चालू लागलेल्या मुडद्यांच्या चित्रपटाची, रंगभूषा करत असतो.

मला लिहायचे आहे ते रात्रीच्या रेल्वे स्थानकावरील तालमीबद्दल. या मुलांचा दिग्दर्शक चार्ल्स याचे म्हणणे असे की, गुप्तहेराला बायको असली तरच त्याचे काय होते याची प्रेक्षकाला काळजी वाटेल. म्हणून अ‍ॅलिसला आणले आहे. गुप्तहेर झालेला मार्टिन आपली वाक्ये पाठ केल्यासारखी म्हणतो आणि समोर उभी असलेली अ‍ॅलिस बोलू लागते. तिचे डोळे भरून येतात, आवाज किंचित खाली उतरतो, आणि भोवतालची मुले आपण कशासाठी जमलो होतो तेच विसरतात. अ‍ॅलिस झालेली एल फॅनिंग तेव्हा बारा वर्षांची होती. आंब्याची फोड तोंडाशी नेलेला आमचा मुलगा तशीच हातात धरून बसला आणि रस कोपरापर्यंत ओघळला तरी त्याला पत्ता नव्हता. ‘आत्या, ती खरंच रडतेय का?’ एवढेच त्याने विचारले. मला त्या दृश्यात मार्टिनही तितकाच मोलाचा वाटतो, कारण वाईट अभिनय करणाऱ्या मुलाचा चांगला अभिनय करणे हे गॅब्रिएल बासोचे काम अ‍ॅलिसच्या कामाइतकेच अवघड आहे. जो आणि चार्ल्स झालेल्या जोएल कोर्टनी आणि रायली ग्रिफिथ्स यांचा तर हा पहिलाच चित्रपट होता.

ही मुले एकमेकांचे बोलणे तोडतात, तोंडात घास असताना भांडतात. आपल्याकडच्या मे महिन्यातील बालनाट्य शिबिरांची सांगता मी बरीच वर्षे पाहत आले आहे. तेथे प्रत्येक मूल आपले वाक्य प्रेक्षकांकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून म्हणते आणि मग पुढच्याचे संपेपर्यंत हाताची घडी घालून उभे राहते. मुलांचा यात काडीचाही दोष नाही. आमच्याच पुणे शहराने ग्रिप्स या मूळच्या जर्मन बालनाट्य चळवळीच्या नाटकांत मोठ्या माणसांना लहान मुले झालेली पाहिले आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला. मग खऱ्या मुलांनाच आपण छोटी मोठी माणसे का करतो, हे मला उमगलेले नाही.

उत्तरार्धाबद्दल थोडक्यात सांगते. प्राणी पूर्ण दिसू लागतो, लष्कर येते आणि चित्रपट चार इतर चित्रपटांसारखा होतो. शेवटी आईचे लॉकेट हातातून सुटून वर जाते, तेव्हा मायकेल जियाकिनोंचे संगीत, आता रडा, असे जवळजवळ फर्मावतेच. झोक्यावरच्या मुलाला त्याची गरज नव्हती.

तरी एब्रम्स यांना ही मुले कळली, याचे मला नवल वाटत नाही. स्वतः किशोरवयात असताना त्यांनी मित्र मॅट रीव्ह्ज यांच्यासोबत स्पीलबर्ग यांनी बालपणी काढलेले चित्रपट दुरुस्त करून देण्याचे काम केले होते. चित्रपटाचे नाव ज्यावरून आले त्या, कोडॅकने १९६५ मध्ये आणलेल्या सुपर एट या घरगुती चित्रीकरणाच्या फिल्मच्या एका डबीत पन्नास फूट फिल्म मावे, म्हणजे जेमतेम तीन मिनिटांचे चित्रण; ते धुऊन येईपर्यंत आपण काय टिपले हे कळायला मार्ग नसे. चित्रपटातील मुलेही तशीच फिल्म धुऊन देणाऱ्या दुकानावर अवलंबून असतात. श्रेयनामावलीबरोबर त्यांचा झोंबीपट अथपासून इतिपर्यंत दाखवला जातो, तेव्हा कृपया टीव्ही बंद करू नये.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी लगेच पौड रस्त्यालगतच्या गच्चीवर मोबाइलवर चित्रीकरण सुरू झाले. झोंबीच्या गालाला माझी टाल्कम पावडर लागली. चित्रपटातल्यासारखी आगगाडी अर्थातच नव्हती, म्हणून नायिकेच्या मागून मेट्रो जायला हवी असे दिग्दर्शकांनी ठरवले, आणि सात वर्षांची नायिका कठड्यापासून दोन हात अलीकडे, भर उन्हात वाट पाहत उभी राहिली. मेट्रो आली तेव्हा ती नाक पुसत होती. ‘आत्या, हेच ठेवू या,’ असे तो म्हणाला.